अंगणात टॉवर फुल, घरात गुल

मोबाइल नेटवर्कला पाचपैकी गुण द्यायचे तर अंगणात चार, दुकानात दोन, स्वयंपाकघरात अर्धा. अर्धा एवढ्यासाठी, की फोन लागला नाही तरी तो येऊन गेल्याचा मेसेज तासाभराने का होईना पोचतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. घरात तीन कंपन्यांची तीन सिम आहेत आणि तिघांत एकोणीस-वीसचाच फरक, मग एकट्याला कशाला बदनाम करायचं? राउटर आणि अँटेना लावून जो काही मार्ग निघाला तो पुढे लिहिला आहे. घाई असेल तर सरळ तिथे जा, मधलं रडगाणं सोडून द्या.

गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, टिपेश्वर अभयारण्याच्या अंगाला. टॉवर शेजारच्या गावात रस्त्यालगत आहे, सरळ रेषेत तीनेक किलोमीटर. मधे टेकडी आणि टेकडीवर सागवान. आमचं पुढे कृषी केंद्र, मागे राहतं घर. दुकानाला टिनाचं शेड, त्याला लागून मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या काळचं कवेलूचं (मातीच्या कौलांचं) माजघर, आणि त्याच्या मागे माझ्या लग्नानंतर बांधलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या व स्वयंपाकघर. नेटवर्क तिन्ही ठिकाणी तीन तऱ्हेचं. कवेलूखाली बरं, टिनाखाली कमी, स्लॅबखाली जवळजवळ नाहीच. मामाजी म्हणतात, "पैसे लावून टॉवर घालवला तुमी." चिडवायला म्हणतात, पण बोलणं शास्त्राला धरून आहे. कवेलूतून लहरी बऱ्यापैकी आत येतात. टिनाचा पत्रा त्या परत फेकतो. स्लॅबमधली सळयांची जाळी आणि सिमेंट मिळून उरलंसुरलं गिळून टाकतात.

फोनवरच्या दांड्या बघून निकाल लावू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या, हे फोन बनवणारा आपल्या सोयीने ठरवतो. खरा आकडा सेटिंगमध्ये लपलेला असतो. फोनच्या माहितीत सिमचं पान उघडलं की सिग्नल स्ट्रेंथ दिसते, डीबीएममध्ये, उणे चिन्ह लावून. फोर-जीवर उणे ८०-९० च्या घरात असलं की निवांत बोला. उणे १०० च्या पलीकडे कुरबुर सुरू होते आणि उणे ११५ ओलांडलं की नुसतं "हॅलो, हॅलो". आमच्या अंगणात निंबाखाली उणे ९४, दुकानाच्या काउंटरवर उणे १०८, स्वयंपाकघरात ओट्यापाशी उणे ११९. यातली मेख अशी की दहाचा फरक पडला तर सिग्नल दहापट कमी झालेला असतो. त्या हिशेबाने निंबापासून ओट्यापर्यंत येईस्तोवर तो तीनशेपटीहून जास्त मरतो. फोन मग टॉवरला गाठायला जीव तोडून ओरडत राहतो, म्हणून बॅटरीही दुपारीच मान टाकते. बॅटरी खराब झाली समजून ती बदलायला निघालेले आमच्या गावात बरेच आहेत.

उन्हाळ्यात सागाची पानं झडली की हे आकडे चार-पाचाने सुधारतात. मृगाचा पाऊस पडून साग हिरवागार झाला की पुन्हा खाली येतात, कारण ओली पानं सिग्नल शोषतात. खतविक्रीचा हंगाम आणि नेटवर्कचा पडता काळ असे नेमके एकत्र येतात. बाहेरच्याला यात काय विशेष असं वाटेल, पण अनुदानाचं खत विकायला २०१८ पासून देशभर पीओएस मशीन सक्तीचं आहे. शेतकऱ्याने आधार नंबर सांगायचा, अंगठा लावायचा, मशीनने आतल्या सिमवरून सर्व्हरला विचारायचं, तिकडून होकार आला की पावती निघणार. होकार नाही तर बॅग नाही. माल गोदामात, पैसे गिऱ्हाइकाच्या खिशात आणि मी मधे गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत उभी.

जूनमधली पहिल्या चांगल्या पावसानंतरची सकाळ घ्या. पेरणीची घाई, काउंटरसमोर दहा-बारा जण, सगळ्यांना डीएपी खत पाहिजे. एक म्हातारे काका अंगठा लावून लावून कंटाळले.

"वहिनी, माह्या अंगठ्याच्या रेघा घासल्या वाटते."

"नाही काका, अंगठा बरोबर हाय. मशीनले टॉवर नाही."

"मंग आता?"

मग मी मशीन घेऊन अंगणात निंबाखाली, माझ्यामागे काका, काकांमागे सगळी रांग. वरून भुरभुर पाऊस, मशीनवर बियाण्याची रिकामी पिशवी. निंबाखाली टॉवर सापडला, तोवर काकांचा अंगठा ओला. दुपट्ट्याला पुसला, पुन्हा लावला. मशीन म्हणते पुन्हा प्रयत्न करा. तोंडाने फुंकर मारून वाळवला तेव्हा कुठे पावती निघाली. रांगेतल्या एकाने विचारलं, "दुकान आता इथीच लावता काय?" सगळे हसले. मीही हसले, पण त्या दिवशी दोन तासांचं काम दुपारपर्यंत चाललं.

यूपीआयच्या स्पीकरची कथा वेगळीच. काउंटरवर ठेवलेला हा डबा पैसे आले की बोलतो, त्यालाही आत सिम आहे. गिऱ्हाइकाच्या फोनवर चक्र फिरतं, डबा गप्प. गिऱ्हाईक ओळखीचं, "जमा झाले वहिनी, येतो मी" म्हणून निघून जातं. संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढलं की डबा घसा साफ करतो: एक हजार तीनशे पन्नास रुपये प्राप्त झाले. हे कोणाचे? डीएपीच्या बॅगेला तेवढेच पडतात आणि त्या दिवशी एक-एक बॅग नेणारे सात जण होते. वही काढा, फोन लावा, आणि फोन लावायला पुन्हा अंगणात जा.

तक्रार केली का, असं विचारणाऱ्यांसाठी: केली. १९८ हा तक्रारीचा नंबर सगळ्या कंपन्यांना सारखाच आहे. तिकडच्या मुलीने फोन बंद करून चालू करायला सांगितलं, पिनकोड विचारला, तक्रार क्रमांक दिला. काही दिवसांनी मेसेज आला की आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. कोणी आलं नाही, काही बदललं नाही, निराकरण मात्र झालं. कंपनीकडे अपील करायची सोय असते, ती बहुतेकांना माहीत नसते. तक्रार क्रमांक जपून ठेवा आणि अपील जरूर करा. मी केलं, तेव्हा एक मुलगा मोटरसायकलवर आला, अंगणात उभं राहून मोबाइलवर मोजमाप घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, कव्हरेज ओके आहे." मी म्हटलं, आत या, चहा घ्या आणि ओट्याजवळ उभं राहून मोजा. त्याने मोजलं, आकडा पाहिला आणि कसनुसा हसून म्हणाला, "आम्हाला आउटडोअरचाच रिपोर्ट द्यावा लागतो." पोराचा दोष नाही. चहा मात्र पूर्ण प्याला.

माझा खरा राग या "आउटडोअर"वर आहे. आमच्या गावात फोनवर बोलायच्या जागा ठरलेल्या आहेत: मारुतीच्या देवळाचा पार, पाण्याच्या टाकीचा जिना, एसटी थांब्याचं वळण. संध्याकाळी तिथे गडीमाणसं आणि पोरं उभी असतात. आईचा फोन मला सातच्या सुमाराला येतो, तेव्हा तव्यावर भाकर असते. भाकर टाकून मी टाकीच्या जिन्यावर चढू का? माझी जाऊ माहेरी बोलते ती धान्याच्या कोठीशेजारी स्टुलावर उभी राहून. फोन खिडकीच्या गजाला टेकवून स्पीकरवर ठेवला तरच आवाज तुटत नाही. स्पीकरवरचं बोलणं सगळ्या घराला ऐकू जातं, म्हणून जेवलीस का, पाऊस आला का, यापलीकडे ती काही बोलत नाही. घरात नेटवर्क नाही ही तक्रार गावात गडीमाणसांच्या तोंडी फारशी ऐकू येत नाही ती यामुळेच. त्यांना पाराचं नेटवर्क पुरतं. ग्रामसभेत मी विषय काढला तर एक जण सरळ म्हणाला, "घरात बसून कोणाले बोलाव लागते?"

नकाशांचंही तसंच. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्याच्या नियमाने आता कंपन्यांना आपापला कव्हरेज नकाशा संकेतस्थळावर द्यावा लागतो, २०२५ च्या एप्रिलपासून. चांगली गोष्ट आहे, सिम घ्यायच्या आधी बघा. पण तो बघून घरातलं काही कळत नाही. आमचं गाव तिन्ही नकाशांत गडद रंगात आहे. दुसरा एक नियम त्याच वेळी आला: चोवीस तासांहून जास्त सेवा बंद राहिली तर पोस्टपेडला भाड्यात सूट, प्रीपेडला मुदत वाढवून. हेही चांगलं, फक्त बंद हे जिल्ह्याच्या पातळीवर पडावं लागतं. एका गावाचा टॉवर दोन दिवस झोपला तर तो या हिशेबात येत नाही.

आता सिम. मामाजींचा फोन बटणांचा, टू-जीवर ९०० मेगाहर्ट्झला चालतो. त्यावर बोलणं सगळ्यांत जास्त टिकतं, माजघरातसुद्धा. तरी मधेच "आवाज कटून रायला, थांब, आंगनात येतो" हे रोजचंच. ह्यांच्या सिमला रात्री अकरानंतर अंगणात झकास नेट असतं, संध्याकाळी सगळं गाव मोबाइलवर असलं की ते रांगतं. माझ्या सिमवर फाइव्ह-जीचं चिन्ह येतं, यवतमाळच्या बसस्टँडवर.

हा सगळा खेळ बँडचा आहे. लहरीची वारंवारिता जितकी कमी, तितकी ती लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झ हे घरात शिरणारे. १८०० मधला. २३०० आणि फाइव्ह-जीसाठी बहुतेक ठिकाणी वापरतात तो ३३०० च्या पुढचा पट्टा, हे वेगाला दांडगे पण भिंतीपुढे हात टेकणारे. देशात फाइव्ह-जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, तेव्हापासून जाहिरातीत नुसता वेग. मला सिनेमा चार सेकंदांत उतरवायचा नाही. मला ओट्यापाशी उभं राहून आईशी बोलायचं आहे, त्यासाठी खालचा बँड लागतो. फाइव्ह-जी ७०० वर आलं तर तेही चालेल. फोनने कोणता बँड पकडलाय ते दाखवणारी फुकट ॲप आहेत. नवीन फोन घेताना दुकानदाराला कॅमेरा किती मेगापिक्सेल हे विचारता तसं बँड २८ (म्हणजे ७००) आणि बँड ५ (म्हणजे ८५०) आहे का, तेही विचारा. तो गोंधळेल, डब्यावर किंवा कंपनीच्या साइटवर बघायला लावा.

पोर्ट करायचं मनात असेल तर १९०० वर मेसेज टाकायच्या आधी त्या कंपनीचं नवं सिम लहानशा रिचार्जवर घ्या आणि आठवडाभर स्वयंपाकघरात वापरून बघा. एकदा पोर्ट केलं की ९० दिवस तिथून हलता येत नाही. आणि तीन सिमचा खर्च जपून करा. जुलै २०२४ ला दर वाढले तेव्हापासून घरातली सगळी सिम जिवंत ठेवायची तर चांगलीच रक्कम जाते. मामाजींना नेट लागत नाही, त्यांच्यासाठी फक्त बोलणं आणि मेसेज असलेला पॅक मागा. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना असे पॅक ठेवायला लावले आहेत, पण रिचार्जवाला आपणहून दाखवत नाही.

राउटरकडे येते. फोर-जीचा, सिम घालायचा आणि मागच्या अँटेना काढून बाहेरच्या लावता येतील असा घ्यायचा. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण स्वस्तातल्या राउटरच्या अँटेना निघत नाहीत आणि मग तो आणि फोन यांत फरक उरत नाही. राउटर, छतावरची एका दिशेला तोंड असणारी अँटेना आणि केबल मिळून मला सहा हजारांच्या आत पडलं. अँटेना दोन केबल असलेली घ्या. केबल मात्र लांबलचक घेऊ नका. वर कमावलेला सिग्नल वायरीत जातो, म्हणून मी राउटरच माजघरात माळ्याजवळ ठेवला आणि केबल पाच मीटरवर भागवली.

बोअरचा जुना पाइप उभा केला. हे वर, हातात पाइप. मी खाली, मोबाइलवर राउटरचं पान उघडून, आकडा ओरडायला. आधी साहजिकच अँटेनाचं तोंड टॉवरच्या दिशेने, म्हणजे टेकडीकडे केलं: उणे १०६. एवढ्याचसाठी सहा हजार घातले का, असा चेहरा वरून दिसत होता. मी म्हटलं थोडं डावीकडे फिरवा. १०४. अजून. १०१. खिंडीच्या बाजूला, जिकडून गाडीरस्ता जातो तिकडे तोंड गेलं तसा आकडा उणे ९६ वर येऊन बसला. टेकडीतून आरपार येण्यापेक्षा सिग्नल खिंडीतून वळसा घालून जास्त येत होता. तेव्हा टॉवर दिसतो तिकडेच तोंड पाहिजे असं धरून बसू नका. सगळीकडे हळूहळू फिरवा, दर वेळी थोडं थांबा, आकडा स्थिरावू द्या, मगच नट आवळा.

नट पक्का आवळा, कारण वानरं. आमच्याकडे कवेलूवर वानरांची टोळी रोजची. पहिल्याच आठवड्यात एक जण अँटेनावर बसून झोका घेऊन गेला आणि तोंड थेट नागपूरकडे. आता पाइपाला बोराटीची काटेरी फांदी बांधली आहे. विजा कडाडायला लागल्या की केबल राउटरमधून काढून ठेवते, पाइपाला अर्थिंगही दिलं आहे. आमच्याकडे वीज पडून माणसं, बैल जातात. छतावर उंच लोखंड उभं करून बेफिकीर राहायची ही जागा नाही.

राउटर लागला तरी फोनला टॉवर येत नाही हे लक्षात घ्या. फोनला वायफाय मिळतं, आणि त्यावर वायफाय कॉलिंग चालू केलं की साध्या नंबरवरून साधेच कॉल जातात-येतात, वेगळे पैसे पडत नाहीत. आपल्याकडे हे २०१९ च्या शेवटापासून आहे, तरी गावात कोणाला विचारलं तर व्हॉट्सॲप कॉलच समजतात. सिमच्या सेटिंगमध्ये जाऊन एक बटण सरकवायचं. माझ्या स्वयंपाकघरात आता आईचा आवाज स्वच्छ येतो. जावेच्या खोलीत दार उघडं ठेवलं तर येतो. ओटीपीचे मेसेजही माझ्या फोनवर वायफायवरून येतात. मामाजींच्या बटणाच्या फोनला वायफायच नाही, ते आंगनातच.

या ओटीपीपायी आमचं दुकान म्हणजे गावच्या बायांचं ऑफिस झालं होतं. लाडकी बहीणची ई-केवायसी निघाली, तिच्यात बाईच्या आधारचा एक ओटीपी आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा दुसरा. बाई माझ्या काउंटरपाशी, तिचा नंबर वायफायवर, ओटीपी आला. नवऱ्याचा फोन वावरात त्याच्या खिशात. त्याला फोन लावा, तो लागला तर "ओटीपी आला का?" विचारा, तो चष्मा शोधणार, आकडा वाचणार, सहापैकी चौथा आकडा तुटणार. "पाच का सात?" "हां हां." तेवढ्यात मुदत संपली. पुन्हा पहिल्या ओटीपीपासून सुरुवात. पुढे बाया नवऱ्याचा फोनच मागून आणायला लागल्या, त्या सकाळी नवरे पारावर नुसतेच बसलेले दिसत. कापूस सरकारी केंद्रावर द्यायला कपास किसान ॲपवर नोंदणी लागली, तेव्हा मात्र तेच नवरे माझ्या वायफायला आले.

बूस्टरच्या फंदात पडू नका. ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळतो, डब्यावर चार अँटेनांचं चित्र असतं. परवान्याशिवाय असा रिपीटर लावणं बेकायदा आहे, आणि हलक्या मालातून टॉवरच्या कानात एवढा गोंगाट जातो की आसपासच्या सगळ्यांचे कॉल बिघडतात. फोनच्या मागे चिकटवायचं सोनेरी स्टिकर तर निव्वळ लूट. आणि तुमच्या शेतात टॉवर बसवतो, महिन्याला भाडं देतो, आधी कागदपत्रांचे पैसे भरा, असा फोन आला तर ठेवून द्या. खरी कंपनी जागेच्या मालकाकडून पैसे घेत नाही.

राउटरला चार गुण. एक कापला तो लाईटसाठी. लाईट गेली की राउटर बंद, त्यावर छोटा बॅटरी बॅकअप घेऊन तोड काढता येते. पण वादळात लाईट रात्रभर गेली की टॉवरचीच बॅटरी संपते. मग अंगण काय नि स्वयंपाकघर काय, सगळं गाव सारखंच मुकं. जावेला कळा सुरू झाल्या ती रात्र अशीच होती. हे मोटरसायकलने पार मोठ्या रस्त्याच्या वळणापर्यंत गेले आणि तिथून १०८ ला फोन केला. गाडी वेळेत आली, पोरगी झाली, दोघी ठीक. एक माहीत असू द्या: आपल्या सिमला रेंज नसली तरी ११२ फिरवून पाहा, दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा टॉवर पोचत असेल तर तो कॉल त्यावरून जातो.

पुढचं काय? आमच्या शिवाराच्या या बाजूला, ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी, जमिनीवर एक नवा टॉवर उभा झाला आहे. लोखंड पूर्ण, खाली कुंपण, आत पेटी. चालू नाही. कोणत्या योजनेतला, कोणाचा, याचा फलकही नाही. कोणी म्हणतं पोळ्यापर्यंत लागते, कोणी म्हणतं लाईटचं कनेक्शन बाकी आहे. गुराख्यांना सावली झाली, एवढा उपयोग सुरू आहे. तरी मी आशा लावून आहे, आणि ती हवेतली नाही. जिथे फोर-जी पोचलंच नाही अशा २४,६८० गावांसाठी केंद्राने जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुडातून बीएसएनएलचं देशी बनावटीचं फोर-जी सुरू झालं, त्यांच्याकडे ७०० चा बँड आहे. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठी गोष्ट जानेवारी २०२५ ची: सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरवर एका कंपनीचं नेटवर्क दुसऱ्या कंपन्यांच्या सिमलाही वापरू द्यायची सोय. आमचा टॉवर त्यातला निघाला, तर टेकडी मधे नाही, सागवान मधे नाही, ७०० चा बँड स्लॅबमधून आत येईल आणि तीन सिमचं एक करता येईल.

ह्यांचा डोळा उपग्रहाच्या इंटरनेटवर आहे. राज्य सरकारने स्टारलिंकशी नोव्हेंबर २०२५ मध्ये बोलणी पक्की केली तेव्हा गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव ही नावं आली. आमचं यवतमाळ नाही. वाशीमवाल्यांचं बरं आहे.

नवा टॉवर चालू झाला की या परीक्षणात भर घालीन. तेव्हा पारावर किंवा निंबाखाली मोजणार नाही. ओट्यापाशी, दार लावून, संध्याकाळी सातला मोजीन. आकडा उणे १०० च्या आत आला तर राउटर विकायला काढते. घाटंजी-पांढरकवड्याच्या बाजूला कोणाला पाहिजे असेल तर अँटेना, केबल आणि पाइपासकट देईन, बोराटीची फांदी फुकट. वानरांची गॅरंटी नाही.